आकाशातले जाळे आणि जमिनीवरचा दर

एस.टी.ची गाडी आगारातून सुटते तेव्हा तिच्यात चार प्रवासी असोत की चव्वेचाळीस, डिझेल जवळजवळ तेवढेच जळते. चालक-वाहकांचा पगारही बदलत नाही. म्हणून तिकिटाचा दर ठरवताना सरासरी किती आसने भरतील, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. हा अंदाज चुकला तर गाडी उत्तम असूनही तो मार्ग तोट्यात जातो.

उपग्रहांद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या जाळ्याची स्थिती अशीच असते. फक्त अडचण कितीतरी पटींनी मोठी. एस.टी.चा मार्ग निदान गावागावांवरून जातो. पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरणारा उपग्रह मात्र आपला बहुतेक वेळ समुद्रावरून, वाळवंटावरून आणि निर्मनुष्य प्रदेशावरून रिकामाच जात असतो. शिवाय इथे जवळजवळ सगळा खर्च पहिल्या ग्राहकाने पहिला डॉलर देण्याआधीच करावा लागतो.

अशा जाळ्यांचा इतिहास बहुधा अग्निबाण आणि उपग्रह यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण ज्यांची दिवाळखोरी झाली, त्यांचे उपग्रह बहुतेक वेळा व्यवस्थित काम करत होते. चुकला होता तो दराचा आणि मागणीचा अंदाज. म्हणून या लेखात आपण त्या दुसऱ्या बाजूकडे पाहू.

उंच कक्षा आणि खालची कक्षा

१९४५ मध्ये आर्थर क्लार्क यांनी भूस्थिर कक्षेची दळणवळणासाठीची उपयुक्तता दाखवून दिली. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे जमिनीवरून तो एका जागी स्थिर दिसतो. असे तीन उपग्रह जवळजवळ सगळ्या जगाला पुरतात आणि जमिनीवरची ताटली एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. दूरचित्रवाणीसाठी ही सोय फार चांगली आहे.

इंटरनेटसाठी मात्र ही उंची अडचणीची ठरते. आपण संगणकावरून मागणी पाठवली की ती उपग्रहापर्यंत वर जाते, तेथून भूकेंद्राकडे खाली येते; उत्तरही त्याच वाटेने परत येते. म्हणजे ३५,७८६ किलोमीटरचे अंतर चार वेळा तोडावे लागते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरला तर यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. संभाषणात ही दिरंगाई जाणवते. एक पान उघडण्यासाठी अशा अनेक फेऱ्या लागतात, तेव्हा तर ती अधिकच त्रासदायक होते.

उपग्रह खाली आणला, समजा ५५० किलोमीटरवर, तर ही दिरंगाई सेकंदाच्या काही शतांशांवर येते. पण मग तो एका जागी दिसत नाही. सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने तो दीड तासाच्या आसपास पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतो आणि काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. एक गेला की दुसरा यायला हवा, म्हणून शेकडो-हजारो उपग्रह लागतात. ते सगळ्या पृथ्वीवर विखुरलेले राहतात. गिऱ्हाईक असेल तिथे त्यांना थांबवता येत नाही.

पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आणि भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर. उपग्रह सर्वत्र सारखे पसरले आहेत असे मानले, तर दर हजार उपग्रहांपैकी कोणत्याही क्षणी भारताच्या वाट्याला सहा-सात येतात. बाकीचे दुसऱ्या कोणाच्या तरी किंवा कोणाच्याच डोक्यावर नसतात. दर ठरवणाऱ्याला या रिकाम्या फेऱ्यांचाही खर्च धरावा लागतो.

इरिडियमचा धडा

खालच्या कक्षेतील मोठ्या जाळ्याचा पहिला व्यापारी प्रयोग इंटरनेटसाठी नव्हता, दूरध्वनीसाठी होता. मोटोरोला कंपनीतील अभियंत्यांना १९८७ मध्ये ही कल्पना सुचली. मूळ आराखड्यात ७७ उपग्रह होते, म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यावरून 'इरिडियम' हे नाव पडले. पुढे उपग्रहांची संख्या ६६ वर आली, पण नाव बदलले नाही. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरचे हे जाळे १ नोव्हेंबर १९९८ रोजी ग्राहकांसाठी खुले झाले. त्यावर सुमारे ५०० कोटी डॉलर खर्च झाले होते आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता.

कर्ज फेडायचे तर दर वाढीव ठेवणे भाग होते. दूरध्वनी संच सुमारे ३,००० डॉलरला आणि बोलण्याचा दर मिनिटाला काही डॉलर. हा दर परवडेल असा ग्राहक म्हणून देशोदेशी फिरणारा व्यापारी डोळ्यांसमोर ठेवला होता. १९८७ मध्ये ते बरोबरही होते, कारण तेव्हा एका देशातला मोबाइल दुसऱ्या देशात क्वचितच चालत असे. परंतु आराखडा ते प्रत्यक्ष सेवा यांत अकरा वर्षे गेली. तेवढ्या काळात जमिनीवरची मोबाइल सेवा शहरोशहरी पोचली, तिचे संच खिशात मावू लागले आणि एकाच संचावर अनेक देशांत बोलता येऊ लागले. इरिडियमचा संच विटेसारखा जड होता. त्याला उघडे आकाश लागे, आणि इमारतीत किंवा मोटारीत तो नीट चालत नसे. ज्या व्यापाऱ्याकडे पैसा होता त्याला आता त्याची गरज उरली नव्हती. खाणीत, बोटीवर, वाळवंटात काम करणाऱ्यांना गरज होती. पण त्यांची संख्या थोडी होती.

मार्च १९९९ अखेर ग्राहक सुमारे दहा हजार होते. कर्जाच्या करारात याच मुदतीपर्यंत पन्नास हजारांहून अधिक ग्राहकांची अट होती. त्यानंतर दर बरेच उतरवले गेले, पण वेळ निघून गेली होती. १३ ऑगस्ट १९९९ रोजी, म्हणजे सेवा सुरू झाल्यावर साडेनऊ महिन्यांत, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या प्रकरणाचा एक धागा आपल्याकडेही येतो. भारतीय गुंतवणूकदारांनी इरिडियम इंडिया टेलिकॉम या कंपनीमार्फत यात पैसा घातला होता. प्रकल्पाविषयी फसवे चित्र रंगवून आमच्याकडून पैसा घेतला गेला, असा आरोप करून या कंपनीने मोटोरोलावर फौजदारी तक्रार केली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवून खटला पुढे चालवण्यास मुभा दिली. ज्या गुन्ह्याला गुन्हेगारी हेतू लागतो, त्यासाठीही कंपनीवर खटला चालू शकतो, हे त्या निकालातील सूत्र कायद्याच्या अभ्यासात अजून उद्धृत होते.

यापुढचा भाग अधिक बोधक आहे. २००० साल संपता संपता नव्या मालकांनी हे सगळे जाळे अवघ्या अडीच कोटी डॉलरला विकत घेतले. अमेरिकी संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरचा करार केला. उपग्रह तेच, संचही तेच; पण कर्जाचा डोंगर उतरल्यामुळे दर खाली आणता आला, आणि समुद्रावरचे, खाणीतले, मोहिमांवरचे थोडेच पण खरे ग्राहक पुरेसे ठरले. इरिडियम पुढे टिकले, इतके की २०१७ ते २०१९ या काळात त्याने आपले उपग्रह बदलून नवे सोडले. पहिल्या मालकांनी दर ठरवला होता तो झालेल्या खर्चावरून. ग्राहकाने मात्र तो जमिनीवरच्या पर्यायाशी तोलला.

न उभारलेली आणि अर्धवट राहिलेली जाळी

दूरध्वनीऐवजी इंटरनेटसाठी जाळे उभारण्याचा पहिला भव्य बेत टेलिडेसिकचा. क्रेग मॅकॉ आणि बिल गेट्स यांचे पाठबळ असलेल्या या कंपनीने १९९४ मध्ये ८४० उपग्रहांचा आराखडा मांडला. १९९७ मध्ये तो २८८ वर आणला. खर्चाचा अंदाज ९०० कोटी डॉलर होता. इरिडियमचे काय झाले हे पाहिल्यावर एवढा पैसा घालायला कोणी सहज तयार होईना. ऑक्टोबर २००२ मध्ये काम थांबले.

२०२० मध्ये वनवेब ही कंपनी ७४ उपग्रह सोडून झाल्यावर पैशाअभावी दिवाळखोरीत गेली. ब्रिटिश सरकार आणि भारतातील भारती समूह यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती उभी केली. तिने घरोघरच्या ग्राहकांपेक्षा दूरसंचार कंपन्या, विमाने, जहाजे आणि सरकारी खाती यांना घाऊक सेवा देण्याचा मार्ग धरला. थोड्या पण खात्रीच्या ग्राहकांवर उभे राहण्याचा हा मार्ग इरिडियमच्या दुसऱ्या जन्माशी मिळताजुळता आहे.

खर्चापेक्षा कमी दर

स्पेसएक्सने स्टारलिंकची घोषणा जानेवारी २०१५ मध्ये केली आणि मे २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह एकदम सोडले. आधीच्यांपेक्षा तिची स्थिती दोन बाबतींत वेगळी होती. अग्निबाण तिचेच होते आणि त्यांचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरता येत असे. उपग्रहही ती स्वतःच मोठ्या संख्येने बनवत होती. त्यामुळे कक्षेत माल पोचवण्याचा खर्च बराच खाली आला.

ऑक्टोबर २०२० मध्ये निवडक ग्राहकांसाठी चाचणीसेवा सुरू झाली. दर होता महिन्याला ९९ डॉलर, आणि ताटलीसह साहित्याचे एकदाच ४९९ डॉलर. कंपनीने या चाचणीला गमतीने 'काहीच नसण्यापेक्षा बरे' अशा अर्थाचे नाव दिले होते. त्या नावात ग्राहकाची नेमकी ओळखही दडलेली होती : शहरातला, स्वस्त तारेची सेवा असलेला माणूस इथे अपेक्षित नव्हता, जिथे तार पोचलीच नाही तिथला माणूस अपेक्षित होता.

साहित्याच्या किमतीकडे जरा बारकाईने पाहायला हवे. दूरचित्रवाणीची ताटली एकाच उपग्रहाकडे रोखलेली असते, म्हणून ती स्वस्तात बनते. इथे पळत्या उपग्रहाचा सतत पाठलाग करावा लागतो. त्यासाठी एका सपाट पृष्ठावर शेकडो लहान अँटेना बसवतात आणि त्यांच्या लहरींची कला मागेपुढे करून, काहीही न हलवता, झोत हव्या त्या दिशेला वळवतात. हे तंत्र आधी मुख्यतः लष्करी रडारांत वापरले जाई. कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे सुरुवातीला एका संचाचा उत्पादनखर्च सुमारे ३,००० डॉलर होता. २०२१ मध्ये तो १,३०० डॉलरच्या आसपास आला. म्हणजे प्रत्येक नव्या ग्राहकामागे कंपनी शेकडो, किंबहुना हजारो डॉलरचा तोटा सोसत होती आणि तो मासिक शुल्कातून हळूहळू भरून काढण्याची आशा धरत होती. इरिडियमने दाराशीच ३,००० डॉलर मागितले होते. स्टारलिंकने तोच भार स्वतःच्या डोक्यावर घेतला.

मागणी आहे, जागा नाही

फेब्रुवारी २०२१ मध्ये दहा हजारांहून अधिक ग्राहक झाले होते. इरिडियमचाही आकडा पहिल्या काही महिन्यांत एवढाच होता, पण तिथे दुकान उघडे होते आणि गिऱ्हाईक येत नव्हते. इथे रांग लागली होती. मे २०२१ पर्यंत पाच लाखांहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या होत्या. ऑगस्ट २०२१ पर्यंत मात्र १४ देशांत मिळून एक लाख संचच पोचले.

अडचण फक्त संचांच्या तुटवड्याची नव्हती. एक ठोकळ हिशोब करून पाहू. सुरुवातीच्या पिढीतील एका उपग्रहाची क्षमता सेकंदाला सुमारे २० गिगाबिट, म्हणजे २०,००० मेगाबिट धरू. प्रत्येक घराला १०० मेगाबिट द्यायचे तर एका वेळी २०० घरे भागतात. सगळे जण एकाच क्षणी वापरत नाहीत, म्हणून एका वाट्यात २० घरे सामावली असे समजू; तरी ४,००० घरे झाली. कक्षेत एक हजार उपग्रह असतील तर एकेकाच्या वाट्याला सरासरी ५.१ लाख चौरस किलोमीटर जमीन-पाणी येते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ आहे सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राहून मोठ्या प्रदेशात फक्त ४,००० घरे! उपग्रह पाच हजार केले तरी महाराष्ट्राएवढ्या प्रदेशाला सुमारे १२,००० घरांचीच सोय होते. नव्या उपग्रहांची क्षमता जास्त आहे, पण तत्त्व तेच राहते. विरळ वस्तीला ही सेवा शोभते. पुण्या-मुंबईच्या एका उपनगराची गरजही ती पुरवू शकत नाही.

म्हणून सुरुवातीच्या मागणीला उत्तर म्हणून दर वर गेला. मार्च २०२२ मध्ये शुल्क ११० डॉलर आणि संच ५९९ डॉलर झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत एकाच सेवेचे दोन दर आले : जिथे उपग्रहांची क्षमता भरत आली होती तिथे १२० डॉलर, जिथे ती रिकामी होती तिथे ९०. एस.टी.च्या भाषेत, भरलेल्या गाडीचे तिकीट महाग आणि रिकाम्या गाडीचे स्वस्त. उपग्रह दोन्ही ठिकाणांवरून जाणारच होता. रिकाम्या जागेचा एक ग्राहक वाढला तर त्यासाठी उपग्रहांवर नवा खर्च नव्हता.

ग्राहकसंख्या २०२२ अखेर दहा लाखांवर गेली. आधीच्या कोणत्याही जाळ्याशी तुलना करता हे यश मोठे होते. मात्र वॉल स्ट्रीट जर्नलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०१५ च्या आर्थिक आराखड्यात २०२२ साठी दोन कोटी ग्राहक आणि १,२०० कोटी डॉलर उत्पन्न धरले होते. प्रत्यक्ष उत्पन्न सुमारे १४० कोटी डॉलर झाले. इरिडियमप्रमाणेच इथेही मागणीचा अंदाज फसला. फरक इतकाच की चूक पचवण्याइतका पैसा आणि वेळ या कंपनीजवळ होता. येणे-जाणे बरोबरीला आल्याचे तिच्या प्रमुखांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

गरज आणि ऐपत

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अशा सेवेची सर्वांत जास्त गरज दुर्गम भागाला असते आणि दुर्गम भागाची ऐपत बहुधा सर्वांत कमी असते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात या दोन गोष्टी काही प्रमाणात एकत्र आल्या, म्हणून पहिली मागणी तिथून आली. भूगोलाचीही मदत झाली. पहिल्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५३ अंशांचा कोन करत होत्या. अशा कक्षांतील उपग्रह त्या अक्षांशाजवळ दाटीने असतात आणि विषुववृत्ताकडे विरळ होत जातात.

तरीही तिथल्या सरकारलाही हा दर खटकला. डिसेंबर २०२० मध्ये ग्रामीण ब्रॉडबँडच्या योजनेतून स्टारलिंकला ८८.५५ कोटी डॉलरचे अनुदान देण्याचे ठरले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये दूरसंचार नियामकाने ते नाकारले. कारणे सांगताना ग्राहकाला ६०० डॉलरची ताटली विकत घ्यावी लागते, याचाही उल्लेख झाला.

केनियात जुलै २०२३ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा शुल्क महिन्याला ६,५०० शिलिंग होते. पुढे मर्यादित वापराची १,३०० शिलिंगांची योजना आणि भाड्याने संच देण्याची सोय आली. मागणी वाढली, पण ती सर्वांत दाटली नैरोबी आणि तिच्या आसपास. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे नवे ग्राहक घेणे थांबवावे लागले. दूरच्या खेड्यांवरून जाणाऱ्या उपग्रहात जागा होती आणि राजधानीवर ती संपली होती. दर उतरला तेव्हा आधी पुढे आले ते शहरातले ग्राहक, कारण पैसे तिथे होते.

भारतातील प्रश्न

भारतात स्टारलिंकने २०२१ मध्ये ९९ डॉलर अनामत घेऊन नोंदणी सुरू केली आणि सुमारे पाच हजार जणांनी ती केली. परवाना नसल्यामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने नोंदणी थांबवायला लावली आणि पैसे परत करण्यात आले. परवाना मिळाला जून २०२५ मध्ये. त्याआधी मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लहरपट्ट्याच्या शुल्काबाबत शिफारशी केल्या : उत्पन्नाच्या ४ टक्के, आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये. शहरी ग्राहकावर जादा आकार ठेवण्याचा हेतू उघड आहे. सेवा खेड्यांकडे वळावी. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि संचाचे ३४,००० रुपये असे आकडे दिसले. ते चाचणीसाठी भरलेले होते आणि चुकून प्रसिद्ध झाले, असा खुलासा कंपनीने केला. पण त्या दोन दिवसांत झालेल्या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. मोबाइलवर काही रुपयांत गिगाबाइट मिळण्याची सवय असलेल्या देशात अशा दराला जमिनीवरच्या पर्यायाशी टक्कर द्यावी लागेल. इरिडियमलाही तीच द्यावी लागली होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांतील शासकीय संस्था आणि दुर्गम वस्त्या जोडण्याचा उल्लेख आहे. भामरागड किंवा धडगावच्या एखाद्या कुटुंबाने महिन्याला हजारो रुपये भरावेत, ही अपेक्षा कोणीच करणार नाही. तिथे दर कोण भरणार आणि एका जोडणीवर किती जण बसणार, यावर सगळे ठरेल.

याचा एक जुना दाखला आपल्या देशातच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील २,४०० गावांना उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी दाखवली गेली. तेव्हा संच घराघरात नव्हता. गावाला एक, सार्वजनिक जागी, आणि खर्च सरकारचा. जोडणीची किंमत कमी झालेली नव्हती, ती गावभर वाटली गेली होती. ज्या शाळेत दोनशे मुले आहेत तिथे महागातली महाग जोडणीसुद्धा माणशी काही रुपयांवर येते. मात्र ती चालू राहायला वीज, दुरुस्ती आणि दर महिन्याचे बिल भरणारा हात लागतो.

विद्यार्थ्यांना हा हिशोब वर्गात करायला देता येईल. आपल्या तालुक्याचे क्षेत्रफळ घ्यावे, उपग्रहांची संख्या आणि क्षमता धरावी, आणि वरच्याच रीतीने किती घरे भागतील ते काढावे. मग शाळा, आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत यांनी एक जोडणी वाटून घेतली तर माणशी दर किती पडतो, ते पाहावे. भागाकार सोपा आहे. पण त्यातला छेद कोणता घ्यायचा, यावर वर्गात चांगली चर्चा होईल.